येनानचे समूहगान, १९३९ : सोलापुरातून केलेला एक प्रकरण अभ्यास

जपानविरुद्धच्या युद्धात सापडलेल्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले आणि कँटन, हांखौ, चुंगकिंग असा वळसा घालत फेब्रुवारी १९३९ मध्ये वायव्य चीनमधील येनान या डोंगराळ गावी पोहोचले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी यांच्यासह पाचवे होते सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पथक येऊन दोनच महिने झाले होते, तेव्हा १३ एप्रिलला त्याच येनानमध्ये ‘पीत नदी’ या दीर्घ समूहगानाचा पहिला प्रयोग झाला. त्या आठवड्यांत कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या रुग्णालयात जखमींवर उपचार करत होते.

सोलापूरला कोटणीसांचे वैद्यकीय काम सांगावे लागत नाही. भैय्या चौकातील त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे, आणि शाळेच्या सहली तेथे जातात. ते ज्या युद्धात वावरले त्या युद्धाचा आवाज मात्र आपल्याकडे कधी चर्चेत आला नाही. म्हणून आमच्या छोट्या वाचकगटात, ज्यात एक निवृत्त संगीतशिक्षक, एक माजी सैनिक आणि दोन-तीन जुने गिरणी कामगार आहेत, आम्ही हे प्रकरण चर्चेला घेतले. प्रश्न एवढाच ठेवला होता की, ज्या युद्धात हार मागून हार पदरी पडत होती, जेथे बहुसंख्य सैनिकांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि वाद्ये जवळजवळ नव्हतीच, तेथे गाण्याने लोकांचे मनोधैर्य टिकवले असे जे सांगितले जाते ते नेमके कसे घडले.

परिस्थितीची कल्पना दोन-तीन तारखांवरून येईल. जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी युद्धाला तोंड फुटले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजधानी नानकिंग पडली आणि तेथे भीषण कत्तल झाली, पुढे ऑक्टोबर १९३८ मध्ये वुहानही गेले. किनारा, रेल्वेमार्ग आणि मोठी शहरे जपानच्या हातात होती. येनानवर नोव्हेंबर १९३८ मध्ये बॉम्बहल्ला झाला आणि लोक मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांत राहू लागले. अशा ठिकाणी गाणे हा विरंगुळा असेल, एवढेच प्रथमदर्शनी वाटते.

सिनेमाचे गाणे

या गाण्यांची मुळे छावणीत सापडत नाहीत, ती शांघायच्या चित्रपटव्यवसायात सापडतात, आणि प्रकरणाचा हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो. आज चीनचे राष्ट्रगीत असलेले ‘स्वयंसेवकांचे संचलनगीत’ हे मुळात १९३५ सालच्या एका बोलपटातले गाणे आहे. त्याचे शब्द नाटककार त्येन हान यांचे आणि चाल न्ये अर या तरुणाची. न्ये अर आधी शांघायमधील एका लोकप्रिय नृत्यगायन मंडळीत व्हायोलिन वाजवत असे. ती मंडळी ज्यांची होती त्या ली चिनहुइ यांच्या हलक्याफुलक्या प्रेमगीतांनी तेव्हाच्या शहरी चीनला वेड लावले होते. १९३२ मध्ये न्ये अरने टोपणनावाने लेख लिहून आपल्या या गुरूवरच टीका केली आणि मंडळी सोडली. पण त्या मंडळीत शिकलेले एक कसब त्याने सोडले नाही: पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कानात अडकून राहील अशी ओळ बांधणे. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तो जपानमध्ये होता, आणि त्याच वर्षीच्या जुलैत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेथे समुद्रात पोहताना बुडून मरण पावला.

त्या गाण्यात ‘उठा’ हा उद्गार शेवटाकडे लागोपाठ तीनदा येतो आणि दर वेळी अधिक वरच्या स्वरावर चढतो. आमच्या संगीतशिक्षकांनी ते गाणे दोनदा ऐकले आणि म्हणाले की यात गळ्याची तयारी कुठेच लागत नाही, फक्त छाती भरून घ्यावी लागते. ओळींची लांबी सारखी नाही, काही ओळी मध्येच तुटल्यासारख्या थांबतात. त्यांच्या मते त्यामुळेच ते गाणे कवायतीपेक्षा बोलण्याच्या अधिक जवळ जाते. हे निरीक्षण मला योग्य वाटते. संचलनगीते बहुधा इतकी नेटकी बांधलेली असतात की त्यांतून माणूस हरवतो.

चित्रपट पाहिलेला प्रेक्षक थोडा होता. गाणे पसरले ते ध्वनिमुद्रिकांमुळे आणि त्याहूनही अधिक सामूहिक गायनाच्या चळवळीमुळे. शांघायमध्ये वाय. एम. सी. ए. चे कार्यकर्ते ल्यू ल्यांगमो यांनी १९३५ च्या सुमारास दुकानांतील नोकर, विद्यार्थी, कामगार यांना एकत्र करून गाणी शिकवायला सुरुवात केली. पुढे ते सैनिकांनाही शिकवू लागले. हेच ल्यू अमेरिकेत गेले आणि त्यांच्यामुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांनी १९४१ मध्ये ते गाणे चिनी भाषेत ध्वनिमुद्रित केले.

रडवणारे गाणे धोक्याचे असते काय

येथे एक जुना आक्षेप तपासला पाहिजे. युद्धकाळात करुण गाणी सैनिकाला कमकुवत करतात, असे अधिकाऱ्यांना जवळजवळ सर्वच देशांत वाटत आले आहे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९४१ पासून गायिका व्हेरा लिन यांचा आघाडीवरील जवानांसाठीचा रविवारचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. त्यातली विरहगीते ऐकून फौज मवाळ होईल अशी ओरड लष्करी आणि संसदीय वर्तुळांत झाली, आणि १९४२ मध्ये बी. बी. सी. ने अतिभावुक गायनावर निर्बंध घालण्याचे धोरण जाहीर केले. जवानांनी मात्र व्हेरा लिन यांना सोडले नाही. १९४४ मध्ये त्या थेट ब्रह्मदेशच्या आघाडीपर्यंत येऊन गायल्या.

चीनमधला दाखला याहून स्पष्ट आहे. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतल्यावर तेथील लाखो लोक आणि एक आख्खे सैन्य दक्षिणेकडे ढकलले गेले. शीआन शहरात शिक्षक असलेले चांग हान्हुइ यांनी या निर्वासितांसाठी सुंगह्वा नदीवरचे एक गाणे रचले. त्यात जंगले, कोळशाच्या खाणी, डोंगरभर पसरलेले सोयाबीन आणि ज्वारी अशी मागे राहिलेल्या गावाची आठवण आहे, मग १८ सप्टेंबर या, मांचुरियावरील आक्रमणाच्या तारखेचा पुन्हा पुन्हा उच्चार आहे, आणि शेवटी आईवडिलांना घातलेली आर्त हाक. उत्तरेकडील बायका थडग्यापाशी जो विलाप करतात त्याच्या सुरांवरून त्यांनी चाल बेतली, असे सांगतात. संगीताच्या नियमाने पाहिले तर हे पराभवाचे गाणे आहे. त्यात शस्त्र नाही, आज्ञा नाही, विजयाचे वचन नाही. तरीही डिसेंबर १९३६ मध्ये शीआनच्या विद्यार्थ्यांनी ते गात मोर्चा काढला. गावी परतण्याची ओढ लागलेल्या ईशान्येच्या सैनिकांना ते गाणे आपलेच वाटत होते. १२ डिसेंबरला त्यांच्याच सेनापतीने, चांग श्वेल्यांगने, चीनच्या सरकारचे प्रमुख च्यांग काय-शेक यांना अटकेत ठेवले आणि कम्युनिस्टांशी चाललेले गृहयुद्ध थांबवून जपानशी लढण्याची मागणी पुढे केली. या घटनेला अनेक राजकीय कारणे होती आणि ती एका गाण्याने घडली असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. पण करुण गाण्याने फौज ढिली पडते हा सिद्धान्त मात्र या एका शहरात पुरता उलटा पडला, हे मान्य करावे लागते.

यावर आमच्या माजी सैनिक मित्रांनी सांगितलेले मला महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, “गाणं म्हणलं की पाय दुखायचे थांबत नाहीत हो. पण आपण एकटेच दमलेलो नाही, एवढं कळतं.” मनोधैर्य या शब्दाखाली आपण नेहमी उत्साह धरतो. त्यांनी जे सांगितले ते उत्साहापेक्षा वेगळे आणि जास्त टिकाऊ आहे. सुंगह्वाच्या गाण्याने सैनिकांना उत्साह दिला नाही. आपले दुःख शेजाऱ्याचेही आहे याची खूण त्यांना दिली.

आकड्यांची स्वरलिपी

आता कौशल्याचा भाग, ज्यावर या प्रकरणाचा निम्मा भार आहे. हजारो निरक्षर किंवा अर्धसाक्षर माणसांना नवे गाणे थोड्या वेळात कसे शिकवायचे? पाश्चात्त्य पाच रेषांची स्वरलिपी त्यासाठी निरुपयोगी होती. चीनमध्ये शाळांतून तेव्हा आकड्यांची स्वरलिपी रुळलेली होती. ती मूळची फ्रान्समधली, जपानमार्गे चीनमध्ये आलेली. तिच्यात सात स्वरांना १ ते ७ हे आकडे आहेत, वरच्या सप्तकासाठी आकड्यावर टिंब, खालच्या सप्तकासाठी खाली टिंब, स्वर लांबवायचा तर आडवी रेघ, थांबायचे तर शून्य.

अशा स्वरलिपीतला एक छापील कागद मी चर्चेत ठेवला तेव्हा शिक्षकांनी तो चष्मा पुसून क्षणभर पाहिला आणि म्हणाले, “हे तर आपलं सा रे ग म आहे की! एक म्हणजे सा.” आणि ते सरळ वाचून गाऊ लागले. भातखंडे पद्धतीतही मंद्र सप्तकाचे टिंब खाली आणि तार सप्तकाचे वर असते. त्याहून मोठे साम्य असे की आपल्या ‘सा’प्रमाणेच येथला ‘१’ कोणत्याही पट्टीत धरता येतो. गावातल्या म्हाताऱ्यांचा गळा खाली असेल तर एक खाली धरायचा, शाळेतल्या मुलांचा वर असेल तर वर. पेटी नसली तरी अडत नाही. कागद स्वस्त, छपाईला वेगळे खिळे लागत नाहीत, साध्या मुद्रणालयात किंवा हाताने कोरलेल्या स्टेन्सिलवर गाणे निघते आणि सैन्याबरोबर पुढच्या गावाला जाते. गाणे शिकवणारा एक माणूस तयार झाला की तो आणखी दहा तयार करतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपल्याकडे संगीत शाळेच्या वर्गात आणि काँग्रेसच्या मांडवात नेले, त्यामागेही लिहून देता येईल अशा स्वरलिपीचा आग्रह होताच.

आठव्या मार्ग सेनेत सभेआधी तुकड्या समोरासमोर बसत आणि एक तुकडी दुसरीला गाण्याचे आव्हान देई. दुसरीने गायले की उलट आव्हान. सभा सुरू होईपर्यंत कोणी गप्प बसलेला राहत नसे. त्याच सेनेत शिस्तीचे नियमही गाण्यात बांधलेले होते: लोकांकडून सुई-दोराही घेऊ नका, उसने घेतलेले परत करा, मोडले तर भरपाई द्या, पिके तुडवू नका. मला हे गाणे सगळ्या वीरगीतांपेक्षा अधिक परिणामकारक वाटते, कारण ते शत्रूबद्दल नसून गाणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याबद्दल आहे, आणि ज्या गावकऱ्याने ते ऐकले त्याला गाणाऱ्या शिपायाकडे बोट दाखवून हिशेब मागता येत होता.

पीत नदी

या सर्व तयारीवर १९३९ चे समूहगान उभे राहिले. कवी क्वांग वेइरान घोड्यावरून पडून जखमी झाले होते आणि येनानच्या रुग्णालयात होते. तेथे त्यांनी सांगितलेली कविता श्येन शिंगहाय यांनी मार्चच्या अखेरीस सहा दिवसांत स्वरबद्ध केली. श्येन गरीब घरातले, पॅरिसमध्ये पडेल ते काम करून संगीत शिकलेले आणि येनानच्या लू शुन कला अकादमीत शिकवणारे होते. त्यांच्याजवळ वाद्यवृंद म्हणावा असे काही नव्हते. दोन-चार व्हायोलिने, काही देशी तंतुवाद्ये आणि बासऱ्या. खर्जातल्या तंतुवाद्यासाठी रॉकेलच्या डब्याचा भोपळा केला, आणि तालासाठी इनॅमलच्या मगात चमचे घालून ते खुळखुळवले. ही सगळी जुळवाजुळव गमतीची म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे रचनेची अट म्हणून पाहिले तर गाण्याचा ढाचा उलगडतो. वाद्ये इतकी तुटपुंजी असल्यावर सगळा भार कंठांवर येतो, आणि श्येन यांनी तो तसा येऊ दिला.

सुरुवात नावाड्यांच्या हाकाऱ्याने होते. वादळातून होडी वल्हवणाऱ्या माणसांचा श्रमाचा ताल, एकाने उचललेली ओळ आणि इतरांचा हुंकार. पुढे नदीची स्तुती, मग लुटल्या गेलेल्या गावांचा आक्रोश, त्यात एका स्त्रीचे एकटीचे शोकगीत. आणि त्यानंतर सर्वांत प्रसिद्ध भाग, नदीचे रक्षण करण्याचे आवाहन. तो भाग एकामागून एक गट त्याच ओळीने आत येत जाईल असा बांधलेला आहे. पहिला गट ओळीच्या मध्यात असतानाच दुसरा तीच ओळ सुरू करतो, मग तिसरा. पंढरीच्या वाटेवर दिंडीत पुढच्या रांगेने सोडलेला अभंगाचा चरण मागच्या रांगेने उचलला की आहेत त्याच्या दुप्पट माणसे गात असल्याचा भास होतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की दिंडीत मागची रांग पुढचीचा चरण संपू देते, आणि येथे ती थांबत नाही. गाणारे शंभर असले तरी ऐकणाऱ्याला डोंगरामागून आणखी कोणी येत आहे असे वाटते. शहरे हातची गेलेली, मदत दूर, आणि आपण किती उरलो आहोत याची खात्री नाही, अशा माणसांसाठी या रचनेत जे सांगितले आहे ते शब्दांत सांगता आले नसते.

११ मे १९३९ रोजी अकादमीच्या वर्धापनदिनी श्येन यांनी स्वतः या समूहगानाचे संचालन केले. माओ तेव्हा उपस्थित होते. लवकरच ते चुंगकिंगसह इतरत्रही गायले जाऊ लागले. कोटणीस त्याच वर्षाच्या अखेरीस आघाडीकडे गेले, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात वारले. ज्या भागात त्यांनी शेवटची दोन वर्षे काम केले तेथे औषधे आणि भूलद्रव्येसुद्धा पुरेशी नव्हती. म्हणून गाण्याच्या परिणामाबद्दल बोलताना हात आखडता घ्यावा लागतो. ज्या सैन्यात जखमीला उचलून मागे नेले जात नाही, त्याच्यावर कोणी शस्त्रक्रिया करत नाही, तेथे उत्तमातले उत्तम गाणे आठवडाभरात खोटे ठरते. आमच्यातले एक गिरणी कामगार म्हणाले की संपात पोवाडा रंगला तरी तिसऱ्या आठवड्यात घरात ज्वारी आहे का हेच विचारले जाते. येनानमध्ये गाणे आणि दवाखाना एकमेकांच्या आधाराने उभे होते, असे मी या प्रकरणाचे वाचन करीन.

या यशाची दुसरी बाजूही आहे. ज्या शांघायी गोड गाण्यांतून ही परंपरा निघाली ती गाणी संशयित ठरली. १९३७ चे, प्रियकर पुन्हा केव्हा येणार असे विचारणारे गायिका चौ श्वान यांचे एक निरोपगीत चिनी देशभक्तांना मनोबल खचवणारे वाटले आणि जपानी अधिकाऱ्यांना त्यात चिनी फौज परत येण्याची आशा लपलेली दिसली. गाण्याला असा दुहेरी अर्थ चिकटला की ते कोणाचेच राहत नाही. गाणी रचणाऱ्यांचेही तसेच झाले. श्येन १९४५ मध्ये मॉस्कोत मरण पावले. त्येन हान यांचे गीत १९४९ मध्ये राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले, पण सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला, १९६८ मध्ये ते कैदेत वारले, आणि त्या वर्षांत राष्ट्रगीत शब्दांवाचून नुसते वाजवले जात होते. १९७८ मध्ये त्याला नवे शब्द दिले गेले आणि १९८२ मध्ये जुने परत आले.

महाराष्ट्रातली पुढची पायरी

सोलापूरच्या दृष्टीने प्रकरण येथे संपत नाही. कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटाचे संगीत वसंत देसाई यांचे होते. चीनशी मैत्री हाच त्या चित्रपटाचा विषय. सोळा वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध झाले, आणि त्याच वसंत देसाईंनी ग. दि. माडगूळकरांच्या ‘जिंकू किंवा मरू’ या गीताला चाल दिली. ते १९६३ च्या ‘छोटा जवान’ या चित्रपटात आले, म्हणजे हेही सिनेमाचेच गाणे. पुढे देसाईंनी शाळकरी मुलांच्या समूहगानाचे मोठे काम केले. सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख हे डाव्या चळवळीत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेले. डाव्या पक्षात चीनच्या प्रश्नावर तेव्हा फूट पडत होती, पण अमर शेखांनी डफ हातात घेऊन आक्रमणाविरुद्ध गाणी गायली आणि संरक्षणनिधी गोळा केला.

आमच्या चर्चेत यावर मतभेद झाला. एकाच संगीतकाराने आधी मैत्रीचे आणि मग युद्धाचे सूर द्यावेत हे काहींना संधिसाधूपणाचे वाटले. मला तसे वाटत नाही. संगीतकाराजवळचे कसब, म्हणजे साध्या गळ्यांना पेलणारी चाल आणि एकत्र पाऊल टाकायला लावणारी लय, हे कोणत्याही बाजूला वापरता येते, आणि येनानच्या संगीतकारांबाबतही ते तितकेच खरे होते. मोठा फरक कवीच्या निवडीत पडतो. जपान्यांना थेट ‘सैतान’ म्हणून त्यांच्या मुंडक्यांवर तलवार चालवायला सांगणारे एक गाणे १९३७ मध्ये चीनमध्ये अतिशय लोकप्रिय झाले होते. त्याचा जोर त्या युद्धापुरता होता. त्येन हान यांच्या गीतात फक्त शत्रूच्या तोफांचा उल्लेख आहे, जपानचे नाव नाही. माडगूळकरांच्या गीतातही लढा माणुसकीच्या शत्रूशी आहे, चीनचे नाव त्यात नाही. त्यामुळे पहिले गीत युद्ध संपल्यावरही राष्ट्रगीत होऊ शकले, आणि दुसरे आजही येथल्या शाळांच्या मैदानात पंधरा ऑगस्टला मुले म्हणतात, ज्यांतल्या बहुतेकांना ते कोणत्या युद्धासाठी लिहिले होते हे कोणी सांगितलेले नसते, आणि ज्यांतली काही त्याच आठवड्यात कोटणीसांच्या स्मारकालाही जाऊन आलेली असतात.